वेगवान बोटीची इंजिनं बदलताय? आधी टेप काढा, मग पाकीट

ड्रिल ट्रान्सममध्ये, म्हणजे बोटीच्या मागच्या भिंतीत, इंचभर आत गेलं आणि बाहेर आला तो ओला, काळपट भुसा. बोटांत चिरडला तर चिखल. तिथून खरं तर कोरडी, पिवळसर भुकटी यायला हवी होती. तोवर नवी दोन्ही इंजिनं पैसे भरून, खोक्यांतून निघून शेडमध्ये उभी होती. पुढचे तीन महिने ती तशीच उभी राहिली आणि मी बोटीची मागची भिंत नव्याने बांधत बसलो.

माझी बोट 28 फुटी, खोल व्ही तळाची. मागे 225 हॉर्सपॉवरची दोन टू-स्ट्रोक इंजिनं होती, त्यांच्या जागी 300 हॉर्सपॉवरची दोन फोर-स्ट्रोक व्ही-8 बसवली. काम झालं, बोट मस्त पळते. पण क्रम उलटा केल्यामुळे वेळ आणि पैसा दोन्ही वाया गेले. तुम्ही पहिल्यांदाच या फंदात पडत असाल तर खालच्या क्रमाने जा. आउटबोर्ड, म्हणजे बोटीच्या मागे बाहेरून टांगलेली इंजिनं, गृहीत धरून लिहिलंय. आत बसणाऱ्या इंजिनांसाठी वेगळा मुद्दा पुढे आहे.

हाताशी काय हवं

कागद: बोटीवरच्या क्षमता-पाटीचा आणि हलच्या, म्हणजे बोटीच्या सांगाड्याच्या, क्रमांकाचा फोटो, नोंदणीची कागदपत्रं, विमा पॉलिसी, निवडलेल्या मॉडेलची इन्स्टॉलेशन पुस्तिका. ही पुस्तिका वापरकर्त्याच्या पुस्तिकेपेक्षा वेगळी असते, विक्रेत्याकडे मागून घ्या आणि ऑर्डर देण्याआधी वाचा. इंजिनांचे सिरियल नंबर असलेलं बिलही जपून ठेवा, नोंदणीत बदल करताना लागतं.

हत्यारं: टेप, लांब सरळ पट्टी, कोन मोजायचं यंत्र, प्लास्टिकचा हातोडा, आर्द्रतामापक, टॉर्क रेंच, मल्टीमीटर, जीपीएस, आणि इंजिनाच्या वजनाला पुरून उरेल असा चेनब्लॉक किंवा क्रेन. शिवाय एक वही. ती का, ते लगेच कळेल.

1. जुन्या इंजिनांचे आकडे आधी टिपा

इंजिनं खोलण्याच्या आदल्या आठवड्यात बोट पाण्यात घाला. टाकी अर्धी, दोन माणसं, शांत पाणी. फुल थ्रॉटलला आरपीएम किती, जीपीएसवर वेग किती, बोट पाण्यावर उचलली जायला किती सेकंद लागतात, क्रूझिंगला इंधन किती खाते, सगळं वहीत लिहा. पंख्यावर (प्रोपेलरवर) कोरलेला व्यास आणि पिच (एका फेऱ्यात पंखा किती इंच पुढे जाईल तो आकडा), गिअर रेशो, ट्रान्समवर इंजिन कोणत्या भोकावर बसवलंय, हेही लिहा. माझा वेग होता ताशी 56 मैल, म्हणजे 90 किलोमीटर. हा आकडा हाती नसता तर नवी इंजिनं बसवल्यावर ‘फरक पडला वाटतं’ एवढंच म्हणता आलं असतं.

याच फेरीत जुन्या इंजिनांचा चालू व्हिडिओ काढा आणि शक्य असेल तर गिऱ्हाइकाला तिथेच बोलवा. बोटीवर धडधडणारं इंजिन विकलं जातं. जमिनीवर लाकडी घोड्यावर ठेवलेल्या इंजिनाला लोक भंगाराचा भाव सांगतात.

2. ट्रान्सम: इथे घाई करू नका

ट्रान्सम म्हणजे बोटीची मागची उभी भिंत. इंजिनाचं वजन, त्याचा रेटा, लाटांवरचे धक्के, सगळं ती झेलते. जुन्या फायबरच्या बोटींत दोन्ही बाजूंना फायबरग्लास आणि मध्ये प्लायवूड असतं. कुठल्या तरी बोल्टचं सील सुटतं, पाणी आत मुरतं, आणि प्लाय वर्षानुवर्षं आतल्या आत कुजतो. बाहेरून रंग चकचकीत. माझ्या बोटीला तर मागच्याच वर्षी पॉलिश केलं होतं.

तपासणी अशी करा. प्लास्टिकच्या हातोड्याने सगळीकडे हलके ठोके मारा. टणक, खणखणीत आवाज आला तर ठीक. बद्द आवाज आला तर तिथे खडूने खूण करा. मग आर्द्रतामापक फिरवा. त्याच्या आकड्यावर डोळे झाकून विसंबू नका, रंग आणि धातू जवळ असले की तो फसवतो. त्यापेक्षा बोटीच्या वरच्या कोरड्या भागातला आकडा आणि ट्रान्समचा आकडा यांची तुलना करा. तिसरी परीक्षा सोपी आहे. जुनं इंजिन थोडं वर टिल्ट करा, गिअरकेसवर (इंजिनाच्या खालच्या, पंखा बसतो त्या भागावर) आपलं वजन हळूहळू टाका, आणि दुसऱ्याला ट्रान्समच्या वरच्या कडेकडे बघायला सांगा. कड हलताना दिसली तर पुढचं सगळं थांबवा.

अजून शंका असेल तर आतल्या बाजूने, बोल्टच्या खालच्या भागात, छोटं भोक पाडून भुसा पाहा. पाणी खाली उतरतं, त्यामुळे कूज तळाशी आधी सापडते. मी वरच्या कडेजवळ भोक पाडून खूश झालो होतो, तिथे लाकूड ठणठणीत होतं. कुजलं होतं ते वीतभर खाली, आणि ते कळलं इंजिनं येऊन पडल्यावर.

प्लाय ओला निघाला तर वरवर इपॉक्सी ओतून भागवायचा मोह होतो. ओल्या लाकडाला इपॉक्सी धरत नाही. कोर, म्हणजे मधलं लाकूड, काढून नवा घाला किंवा हे काम जाणणाऱ्याकडे द्या. ट्रान्सम चांगला निघाला तरी स्ट्रिंजर, म्हणजे तळातले लांब वासे, ट्रान्समला जिथे मिळतात तो जोड एकदा टॉर्च मारून पाहाच.

3. वजनाचा हिशोब, पाण्याच्या कॅनने

आजची मोठी इंजिनं किती जड आहेत याचा अंदाज घ्या. मर्क्युरी कंपनीचं 300 हॉर्सपॉवरचं व्ही-8 व्हेराडो सुमारे 272 किलोपासून सुरू होतं, सुपरचार्जर असलेलं 450आर सुमारे 313 किलोपासून, आणि 2021 साली आलेलं 7.6 लिटरचं व्ही-12, 600 हॉर्सपॉवरचं, 572 किलोच्या घरात. हे कोरडं वजन. तेल, पंखा, जॅकप्लेट (इंजिन वरखाली करता यावं म्हणून ट्रान्सम आणि इंजिन यांच्यामध्ये बसवायची पट्टी), वाढीव बॅटऱ्या यांचं वेगळं.

माझ्या दोन जुन्या आणि दोन नव्या इंजिनांत जवळपास 100 किलोंचा फरक होता. कागदावर तो किरकोळ वाटतो. म्हणून बोट पाण्यात बांधून ठेवली आणि 20 लिटरचे पाण्याने भरलेले पाच कॅन ट्रान्समला टेकवून ठेवले. मग बॅटऱ्यांच्या नावाने आणखी एक. मागच्या डेकवरून पाणी बाहेर जायची भोकं पाण्याच्या रेषेला टेकली. दोन माणसं मागे उभी राहिली तेव्हा पाणी त्याच भोकांतून उलट आत आलं आणि माझ्या चपला ओल्या झाल्या.

उपाय कठीण नव्हता. बॅटऱ्या मागून काढून मध्यभागी नेल्या, भोकांना एकाच दिशेने उघडणाऱ्या झडपा लावल्या. पण हे इंजिनं घेण्याआधी कळणं आणि घेतल्यावर कळणं यात फार अंतर आहे. मागे वजन वाढलं की बोट उचलली जायला वेळ घेते आणि वेग पकडल्यावर नाळ वरखाली डोलायला लागते, ज्याला पॉर्पॉइझिंग म्हणतात.

ट्रेलर असेल तर त्याचाही हिशोब करा. जुनी इंजिनं उतरवली की पुढच्या हुकवर भार वाढतो. नवी जड इंजिनं चढली की तोच भार कमी होतो आणि रस्त्यावर ट्रेलर शेपटासारखा हलू लागतो. एक्सल आणि टायरची क्षमता पाटीवर वाचा.

4. किती हॉर्सपॉवर?

इथे सगळ्यांची कल्पनाशक्ती सुटते. साधा हिशोब असा की पाण्यावर उचलल्या गेलेल्या बोटीचा वेग हॉर्सपॉवर आणि वजन यांच्या गुणोत्तराच्या वर्गमुळाप्रमाणे वाढतो. वेग दुप्पट हवा तर ताकद चौपट. माझे 450 चे 600 झाले, म्हणजे ताकद एक तृतीयांशाने वाढली. वेग मात्र साधारण साडेपंधरा टक्केच वाढायला हवा, म्हणजे 56 चे 64-65 मैल. शेवटी 64 मिळाले. विक्रेत्याने ‘सहज 75’ सांगितलं होतं.

कमाल हॉर्सपॉवरचा आकडा क्षमता-पाटीवर असतो. तो ओलांडू नका. ‘सगळेच ओलांडतात’ हे वाक्य अपघातानंतर विमा कंपनीपुढे चालत नाही. पाटी नसेल तर हल बनवणाऱ्याकडून लेखी घ्या. ताकद वाढवणार असाल तर विमा कंपनीला काम सुरू व्हायच्या आधी लेखी कळवा.

5. शाफ्ट, अंतर, उंची

आउटबोर्डचे शाफ्ट, म्हणजे इंजिनापासून खाली पंख्याकडे जाणारे दांडे, साधारण 15, 20, 25 आणि 30 इंचांत येतात. ट्रान्समची उंची मोजताना टेप ट्रान्समच्या उताराला धरून लावा, हवेत सरळ लटकवू नका.

दोन इंजिनं लावणाऱ्यांचा नेहमीचा घोळ म्हणजे बोटीच्या मध्यावर मोजणं. दोन इंजिनांच्या मध्यांतलं अंतर 26 इंच असेल तर प्रत्येक इंजिन मध्यापासून 13 इंच बाहेर बसतं. तळाचा कोन 24 अंश असेल तर तिथला तळ मध्यापेक्षा जवळपास 6 इंच वर असतो. मध्यावर मोजून शाफ्ट मागवला तर गिअरकेस 6 इंच जास्त खोल जाईल आणि बोट पाणी नांगरत फिरेल. मोजमाप जिथे इंजिन बसणार तिथेच घ्या. दोन इंजिनांत किमान किती अंतर हवं ते पुस्तिकेत असतं. मोठ्या इंजिनांना जास्त लागतं, आणि पूर्ण वळवल्यावर व पूर्ण टिल्ट केल्यावर झाकणं एकमेकांना किंवा बोटीला घासता कामा नयेत. पुठ्ठ्याचा साचा कापून बघा. हसतील लोक, हसू द्या.

दोन इंजिनांपैकी एक उलट्या दिशेने फिरणारं मागवायला विसरू नका. दोन्ही एकाच दिशेने फिरली तर स्टीअरिंग सतत एका बाजूला ओढतं.

6. जुनं काढणं

बॅटरी सोडवा, इंधन बंद करा, होजमधलं पेट्रोल डब्यात उतरवा. प्रत्येक वायरला चिठ्ठी लावा आणि फोटो काढा. इंजिन उचलण्याच्या कड्यातूनच उचला आणि लटकत्या इंजिनाखाली कुणाला हात घालू देऊ नका. सील जुनं आणि चिवट असेल तर इंजिन सुटत नाही, मग एकदम सुटतं. क्रेनवाल्याला आधीच सांगा.

7. भोकं आणि बोल्ट

जुनी भोकं नव्या इंजिनाला जुळतीलच असं नाही. न जुळणारी भोकं सिलिकॉनने बुजवू नका. कोरडी करा, कडा उतरत्या घासा, घट्ट इपॉक्सी भरा, दोन्ही बाजूंनी फायबरग्लास लावा. टू-स्ट्रोकच्या तेलाच्या टाकीची, जुन्या केबल्सची भोकंही तशीच. पाण्याला अर्ध्या इंचाची वाट पुरते.

नवं भोक पाडताना इंजिनासोबत आलेला साचा वापरा आणि मध्यरेषा तीनदा मोजा. ड्रिल आधी उलटं फिरवून जेलकोट (फायबरवरचा बाहेरचा चकचकीत थर) खरवडा, मग सुलटं करा, म्हणजे कडेला टवके उडत नाहीत. भोक जरा मोठं पाडून इपॉक्सीने भरायचं आणि त्यातून बोल्टच्या मापाचं भोक पुन्हा पाडायचं, असं केलं की पुढे बोल्टचं सील सुटलं तरी पाणी लाकडाला लागत नाही. वेळ लागतो. मी दुसऱ्यांदा बांधलेल्या ट्रान्समला तसंच केलं.

बोल्ट समुद्रासाठीच्या सीलंटमध्ये बुडवून, आतून मोठे वॉशर किंवा पट्टी देऊन, टॉर्क रेंचने पुस्तिकेतल्या आकड्यापर्यंत आवळा. रेंच फिरतच राहिला आणि टॉर्क वाढेना, किंवा वॉशर आत रुतू लागला, तर आतला कोर दबतोय. थांबा आणि पुन्हा मुद्दा 2 वर जा.

8. स्टीअरिंग

ताशी 60 मैलांवर व्ही तळाच्या बोटीचा पाण्याला टेकलेला भाग अगदी थोडा उरतो. त्या अरुंद भागावर बोट एका कडेवरून दुसऱ्या कडेवर डुलायला लागते. याला चाईन-वॉक म्हणतात. चालक स्टीअरिंग वळवून सावरायला जातो, स्टीअरिंगमध्ये बोटभर ढिलाई असते, सुधारणा उशिरा पोचते आणि डुलणं वाढतं. म्हणून नवी ताकद जुन्या एका केबलवर टांगू नका. हायड्रॉलिक किंवा पॉवर स्टीअरिंग, दोन इंजिनांना जोडणारा टाय-बार, आणि सिस्टीममध्ये हवेचा एकही बुडबुडा नाही, एवढं हवंच. चाईन-वॉक सुरू झालाच तर झटका देऊ नका. थ्रॉटल हळू कमी करा, ट्रिम (इंजिनाचा झुकाव) थोडी आत घ्या.

9. इंधन आणि वीज

300 हॉर्सपॉवरचं पेट्रोल इंजिन फुल थ्रॉटलला तासाला साधारण 100 लिटर ओढतं. म्हणून टाकीपासून इंजिनापर्यंत प्रत्येक जोडाचं आतलं माप पुस्तिकेशी ताडून पाहा. एक अरुंद कोपरा किंवा चिकटलेली झडप पुरते, इंजिन वर गेल्यावर उपाशी मरतं. प्रत्येक इंजिनाला स्वतःचा 10 मायक्रॉनचा पाणी वेगळं करणारा फिल्टर द्या. जुने होज सरसकट बदला. इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलने ते आतून सोलतात आणि त्याचा कचरा नव्या इंजेक्टरमध्ये जातो. टाकी जुनी असेल तर तळाचं पेट्रोल काचेच्या बरणीत काढून तासभर ठेवा. खाली वेगळा थर दिसला तर टाकी साफ केल्याशिवाय पुढे जाऊ नका.

डिजिटल थ्रॉटलच्या इंजिनांना अशक्त बॅटरी अजिबात चालत नाही. स्टार्टर फिरताना व्होल्टेज घसरलं की कॉम्प्युटर भलतेच अलार्म देतो आणि नवखा माणूस सेन्सर शोधत बसतो. पुस्तिकेत सांगितलेल्या प्रकारची, सांगितलेल्या क्षमतेची बॅटरी घ्या, केबल जाड घ्या, आणि टर्मिनलवर हाताने फिरवायचे पंखवाले नट न लावता षटकोनी नट आवळा.

डिस्प्ले जोडायला एनएमईए 2000 ची, म्हणजे बोटीतली उपकरणं एकमेकांशी बोलतात ती, वाहिनी असते. तिच्या दोन्ही टोकांना 120 ओहमचे टर्मिनेटर (टोक बंद करणारे रोधक) लागतात, मध्ये कुठेही नाही. वीज बंद करून दोन डेटा तारांमध्ये मल्टीमीटर लावा. 60 ओहमच्या आसपास दाखवलं तर बरोबर. 120 दाखवलं तर एक टोक उघडं आहे. माझी अख्खी संध्याकाळ या उघड्या टोकाने खाल्ली.

आत बसणारं इंजिन असेल तर

क्रम तोच, जागा वेगळी. ट्रान्समऐवजी इंजिनाचे पाय ज्यावर बसतात ते वासे तपासा. इंजिन आणि ड्राइव्ह किंवा शाफ्ट यांची सरळ रेषा नीट साधली नाही तर कपलिंग आणि बेअरिंग काही तासांत ओरडू लागतात. इनबोर्ड शाफ्टची रेषा बोट पाण्यात तरंगत असताना पुन्हा तपासा, कारण ट्रेलरवर हलचा आकार किंचित वेगळा बसतो. स्वस्त म्हणून मोटारीचा स्टार्टर, अल्टरनेटर किंवा इंधनपंप कधीही लावू नका. समुद्री भागांत ठिणगी बाहेर पडू नये अशी रचना असते, आणि बंद खोलीत पेट्रोलची वाफ तळाशी साचते. सुरू करण्यापूर्वी चार मिनिटं ब्लोअर चालवा, आणि तरीही नाक लावून वास घ्या.

10. पंखा

सगळं बसवून झाल्यावर लोक पंख्याला पाच मिनिटं देतात. माझ्या अनुभवात, ट्रान्सम धड असेल तर उरलेला निम्मा निकाल पंख्यावर ठरतो.

आधी सूत्र. आरपीएमला गिअर रेशोने भागा, पिचने गुणा, 1056 ने भागा. येतो तो मैलांतला काल्पनिक वेग, पाणी घट्ट असतं तर मिळाला असता तो. जीपीएसवरचा वेग याहून जितका कमी, तितकी स्लिप.

माझ्या इंजिनांची फुल थ्रॉटलची हद्द 5200 ते 6000 आरपीएम, गिअर रेशो 1.85. जास्त पिच म्हणजे जास्त वेग, या समजुतीने मी 25 पिचचे पंखे घेतले. इंजिनं 5550 वर अडली. काल्पनिक वेग 71 मैल, जीपीएसवर 63, म्हणजे 11 टक्के स्लिप. बोट उचलली जाताना तर इंजिनं कण्हत होती. पिच एक इंच बदलली की आरपीएम साधारण 150 ते 200 ने बदलतो. म्हणून 23 चे लावले. आता 5900 आरपीएम, काल्पनिक वेग 69.5, जीपीएसवर 64, स्लिप 8 टक्के. पिच कमी करून वेग मैलभर वाढला, आणि बोट झटक्यात वर येऊ लागली.

आरपीएम हद्दीच्या वरच्या टोकाजवळ यायला हवा, तोही नेहमीचं वजन बोटीत असताना. हद्दीच्या खाली अडणारं इंजिन दमतं, वर जाणारं फेरे रोखणाऱ्या लिमिटरला आपटतं. पंखे आधी उसने घेऊन चालवून बघायला मिळतात का, हे विक्रेत्याला खरेदीच्या वेळीच विचारा.

मग उंची. सुरुवातीला गिअरकेसवरची आडवी पट्टी हलच्या तळाच्या रेषेत किंवा इंचभर वर ठेवा. जॅकप्लेटने इंजिन मागे सरकलं असेल तर दर 8 ते 10 इंचांमागे साधारण इंचभर आणखी वर चालतं. एका वेळी एकच भोक, म्हणजे पाऊण इंच, वर घ्या आणि पाण्याच्या दाबाच्या मीटरवर नजर ठेवा. दाब पडला किंवा वळणावर पंख्याची पाण्यातली पकड सुटून आरपीएम उसळला, तर एक भोक खाली या.

11. पाण्यातले पहिले तास

पहिल्या दिवशी वेग तपासायला जाऊ नका. रनिंग-इनचं वेळापत्रक पुस्तिकेत असतं. बहुतेक ठिकाणी पहिले 10 तास एकाच आरपीएमवर तासन् तास न चालवता थ्रॉटल बदलत राहायचं, आणि फुल थ्रॉटल अगदी थोडा वेळ द्यायचा. किल स्विचची (चालक पडला तर इंजिन बंद करणारी) दोरी अंगाला, लाइफजॅकेट अंगात, आणि सोबत एक माणूस, जो फक्त मीटर वाचेल आणि वहीत लिहील.

किनाऱ्यावर आलात की बिल्ज, म्हणजे पाणी साचणारी तळाची जागा, उघडा. पेट्रोलचा वास, बोल्टखाली पाण्याचा थेंब, स्टीअरिंगच्या जोडावर तेल, तिन्ही हाताने चाचपून बघा. पहिल्या 10 तासांनंतर सगळे माउंटिंग बोल्ट पुन्हा टॉर्क रेंचने तपासा. माझे आठपैकी दोन किंचित फिरले. वॉरंटीची नोंद विक्रेत्याने खरंच केली का, ते सिरियल नंबर देऊन स्वतः विचारून घ्या. माझ्या एका इंजिनाची झाली होती, दुसऱ्याची नाही.